दुसरा आवाज

"पाठी काय आसा?"

गिऱ्हाइकाने रिव्हॉल्व्हर हातात घेतलं रे घेतलं, की आमचे मिस्त्री पहिला हाच प्रश्न टाकायचे. समोर संस्थानिक असो, नाहीतर गिरणीचा बडा साहेब. कागदावर नेम धरायला कुणीही शिकतो, पण कागद फाडून गोळी पुढे जाते. ती कुठे जाऊन थांबते हे ज्याला ठाऊक नाही त्याने हत्याराला हात लावू नये, असं त्यांचं म्हणणं. "मातीचा बांध आहे," असं उत्तर मिळालं की मिस्त्री खुलायचे आणि मग पुढचं बोलणं.

मुंबईत कोटात, म्हणजे फोर्टात, बंदुकांचं एक दुकान होतं, तिथे मी परवान्यांची वही लिहायला होतो. मला बंदुकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. मिस्त्री दुरुस्ती करायचे आणि मालकांना अडलं की गिऱ्हाइकांशी बोलायचेही. मूळचे मालवणाकडचे. घोडपदेवच्या चाळीत एका खोलीत धाकट्या भावाबरोबर राहायचे. आईबाप लवकर गेले, तेव्हा भाऊ पाच वर्षांचा होता. त्याला वाढवता वाढवता ह्यांचं लग्न राहूनच गेलं. भाऊ आता परळच्या गिरणीत लागला होता, तरी त्याचा डबा हेच भरायचे. "कारकुना," मला म्हणायचे, "माका दुसरां कोण आसा रे? तो एक आसा."

गिरगावातले एक डॉक्टर होते. चांगली प्रॅक्टिस, गुबगुबीत हात, आणि रविवारी नेमबाजी करायचा नाद. त्यांना रेंजवर मारायला मोठ्या बोराचं, म्हणजे रुंद नळीचं, रिव्हॉल्व्हर हवं होतं. दुकानात तसली दोन होती. एक जाडजूड, लांब नळीचं, काळं. दुसरं आखूड, हलकं, चकचकीत. मिस्त्री त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायचे. डॉक्टर दर शनिवारी यायचे, दोन्ही हातात धरून बघायचे, चहा प्यायचे आणि निघून जायचे. इतक्या वेळात माणसं मुलगी बघून लग्न उरकतात, असं मी एकदा म्हणालो, तर मालकांनी डोळे वटारले.

"मिस्त्री, ही धाकटी कशी हाताला हलकी वाटते हो," डॉक्टर म्हणायचे.

"दुकानात वाटता. बार उडल्यार मनगटाक विचारा. जड असली तर धक्को स्वतः खाता. हलकी तुमका खाऊक घालता."

डॉक्टरांना पटायचं. पुढच्या शनिवारी पुन्हा धाकटीच उचलायचे. पण कितीही वेळा आले तरी मिस्त्री आधी गोळ्यांची चक्री उघडून सहाही भोकांत करंगळी घालून दाखवायचे. "रिकामी," म्हणायचे, आणि मगच हत्यार पुढे करायचे.

शेवटी मालक म्हणाले, ह्यांना रेंजवर नेऊन दोन्ही उडवून दाखवा, म्हणजे एकदाचा निकाल लागेल. वडाळ्याच्या मिठागरांपलीकडे ते मैदान होतं. मला वहीत गोळ्या मांडायच्या होत्या म्हणून मी गेलो. भावाला सुट्टी होती, तोही आला. हसरा पोरगा, डोक्यावर केसांचा हा एवढा कोंबडा. डॉक्टरांनी धाकटी उडवली आणि "अयाई गं!" करून मनगट धरून बसले. मग थोरली उडवली आणि लाजून हसले. तरी निकाल नाहीच. "विचार करतो," म्हणाले!

ते घामाघूम होऊन सावलीत बसले, तेव्हा मिस्त्री रंगात आले होते. भावाला आणि मला म्हणाले, डोळे मिटा आणि ऐका. आधी त्यांनी रिकामं काडतूस उडवलं, नुसत्या दारूचं. मग भरलेलं.

"ऐकलात? भरलेल्याचे दोन आवाज. एक नळयेचो, दुसरो मातयेचो. गोळी बांधात घुसता ना, धप्प करून? रिकाम्याक दुसरो आवाज नाय."

मला काही कळलं नाही, मी उगीच मान डोलावली. मग त्यांनी न सांगता उलटसुलट दहा बार काढले, भावाने मात्र दहाच्या दहा वेळा बरोबर ओळखलं. मिस्त्रींनी त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की तो कोलमडला. "कान बघ माझ्या भावाचो!" ते मला म्हणाले. त्या दिवसाइतका खूश माणूस मी नंतर फार बघितला नाही.

पुढे मुंबईसकट मराठी राज्य हवं म्हणून चळवळ पेटली. गिरण्यांमधून माणसं बाहेर पडत होती, रोज मोर्चे, रोज सभा. भाऊ सगळ्यांत पुढे. मिस्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं. आमच्या दुकानात बसणाऱ्याला गोळी हाडाचं काय करते ते सांगावं लागत नाही. एका दुपारी भाऊ दुकानात डोकावला, तेव्हा मिस्त्री त्याच्यावर माझ्यासमोरच ओरडले, "गोळयेक काय कळता रे, कोण खयचो?"

तो हसला. "दादा, घाबरतोस काय? पोलीस भीती घालायला आधी रिकामे बार काढतात. आणि भरलेला कुठला नि रिकामा कुठला, ते मला कळतं ना! तूच शिकवलंस."

मिस्त्रींचा चेहरा निवळला. हो, तेही खरंच, अशी त्यांनी मान हलवली. मीही हसलो. तिघेही आम्ही किती मूर्ख होतो!

गोळीबार झाला त्या दिवशी दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. लांबून आवाज येत होते. मिस्त्री मान तिरकी करून ऐकत उभे राहिले, पण इमारतींमधून आवाज घुमत होता, त्यांनाही काही सांगता येईना. संध्याकाळी भावाच्या गिरणीतला एक कामगार शटरखालून वाकून आत आला. त्याच्या सदऱ्यावर रक्त होतं, ते त्याचं नव्हतं.

"मिस्त्री, वाघ होता तुमचा भाऊ," तो रडत म्हणाला. "सगळे पळत होते, हा एकटा मधोमध उभा. ओरडत होता, 'पळू नका रे, रिकामे बार आहेत! मातीचा आवाज कुठे आलाय?' मातीचं काय ते मला नाय समजलं. पण काय छाती, मिस्त्री!"

त्याला समजलं नाही, आम्हा दोघांना समजलं. डांबरी रस्त्यावर मातीचा बांध कुठून असणार? तिथे पाठी माणसं होती. मिस्त्रींनी माझ्याकडे एकदाच बघितलं, आणि मी मान खाली घातली. ती नजर झेलायला हवी होती. नाही जमलं मला.

चाळीच्या दारात भावाचा हार घातलेला फोटो लागला. माणसं मिस्त्रींचे पाय धरायला यायची. ते पाय मागे घ्यायचे.

तेरा दिवसांनी कामावर आले. डॉक्टरही आले, ह्या वेळी चहा न घेता थोरली घेतो म्हणाले. मिस्त्रींनी चक्री उघडली, सहाही भोकांत करंगळी घातली. मग पुन्हा पहिल्यापासून घातली. मग पुन्हा. "रिकामी" हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघेना. मालक चुळबुळ करायला लागले, तेव्हा मीच म्हणालो, "रिकामी आहे, डॉक्टर." डॉक्टर थोरली घेऊन गेले.

महिन्याभराने पहिला कागद दाखवायला आले. सहा भोकं, सगळी मधोमध. बिचारे लहान मुलासारखे खूश होते. मिस्त्रींनी एका भोकात करंगळी घातली.

"पाठी काय होता, डॉक्टर?"

"मातीचा बांध. दुसरं काय असणार?"

"दोन आवाज इले?"

"आले की."

"मगे बरां," म्हणाले, आणि कागदाची नीट घडी करून त्यांना परत दिली. दुसऱ्या दिवशी मिस्त्री कामावर आले नाहीत. नंतर कधीच आले नाहीत.

काही वर्षांनी ते मराठी राज्य मिळालं, त्या संध्याकाळी मी पेढे घेऊन घोडपदेवला गेलो. ती आमची शेवटची भेट. सगळी चाळ रस्त्यावर उतरली होती, लेझीम, गुलाल, फटाक्यांचा नुसता धूर. भावाच्या फोटोला नवा हार होता. मिस्त्री वर गॅलरीत एकटेच उभे होते, मान तिरकी करून. खाली बार उडाला की श्वास रोखून थांबायचे.

"मिस्त्री, फटाके आहेत हो," मी म्हणालो.

"माका कळता रे, कारकुना."

मी पेढा पुढे केला. तेवढ्यात खाली मोठा बार उडाला. त्यांनी बोट वर करून मला गप्प केलं आणि दुसऱ्या आवाजाची वाट बघत राहिले.