हाराखालचं नाव

बाबा गेल्यानंतरच्या जलदानविधीला त्यांचे जुने सुपरवायझर आले होते. वंदना झाली. आदरांजली सुरू झाली. त्यांनी माइक हातात घेतला आणि बाबांच्या फोटोसमोर, जातीवरून, ती जुनी हाक मारली.

"असं म्हणायचो आम्ही त्याला. भर खात्यात. प्रेमानं हां! हसत यायचा बिचारा."

समाजमंदिरात कुणी हसलं नाही. मग बाबांबरोबर काम केलेले एक काका मागून म्हणाले, "साहेब, जपून. आता केस होते."

यावर मात्र लोक हसले. आमचेही हसले.

"खरंय," साहेब म्हणाले. "आता काही बोलायची सोयच राहिली नाही."

मी पुढच्या रांगेत होते. रडून थकलेली. भांडायचं त्राण नव्हतं.

ती हाक मी पूर्वी एकदाच ऐकली होती. चौथीत होते. बाबा डबा विसरले म्हणून आईनं मला सातपूरच्या त्या कारखान्यात धाडलं. आमची वसाहत मागेच होती. शेडच्या दाराशी पोचले तर हाच माणूस ओरडत होता. आमची जात, आणि तिला जोडून आईवरची शिवी. लेथवरून बाबा वळले. "आलो साहेब," म्हणत हसले. मग त्यांना मी दिसले. हसू तसंच राहिलं, नजर खाली गेली.

त्यानंतर बाबा डबा कधीच विसरले नाहीत.

पुढे खात्यात पाटी लागली, शिवीगाळ करू नये. आईनं विचारलं, "मग? थांबलं का?" बाबा म्हणाले, "आता हळू आवाजात म्हणतात."

पुढच्या रांगेतून मी उभी राहिले. आईनं माझा पदर ओढला. "बस खाली. पाव्हणे हायेत ते."

"साहेब," मी विचारलं, "बाबांचं नाव काय होतं?"

"अगं, आता... सगळे त्याच नावानं..." त्यांनी फोटोकडे पाहिलं. नाव फोटोखाली लिहिलेलं होतं. पण त्यांनीच आणलेला शेवंतीचा जाड हार त्यावर आला होता. बावीस वर्षं हाताखाली काम केलेल्या माणसाचं नाव त्यांना आठवेना.

मी माइक घेतला. बाबांचं पूर्ण नाव सांगितलं. मग मी म्हणाले, "ते हसायचे, कारण घरी आम्ही चार तोंडं होतो."

खीरदान उरकल्यावर काका जवळ आले. "मयताच्या घरी एवढं नको होतं, बाई. म्हातारा माणूस तो."

असेल. मला वाद घालायचा नाही. मी फार दमले आहे. पण केसच्या भीतीनं मिटलेल्या तोंडाला मी सुधारणा म्हणणार नाही. माझ्यासमोर तो शब्द निघाला की मी उभी राहीन. लग्न असो, मयत असो. बोलणाऱ्याला वाक्य पुरं करू देणार नाही.