उजवीकडचा व्हॉल्व्ह

दादाच्या जुन्या, काचेच्या व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरवर गाणं लागलं की समोर बैठक भरते. गाणारी बाई मधोमध, पेटी डावीकडे, तबला उजवीकडे जरा मागे. साध्या अँपवर हीच मंडळी फोटोला उभी राहिल्यासारखी एका ओळीत येतात. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातली नोकरी संपल्यापासून माझ्या थोरल्या भावाला हाच एक नाद.

दिवाळीनंतर तो म्हणाला, "बाई डावीकडे सरकलीय रे. तबलजी तर उठूनच गेला. उजवा व्हॉल्व्ह बसला असणार. अदलाबदल कर, मी इथून हलत नाही."

ही आमची जुनी रीत. डावा व्हॉल्व्ह उजवीकडे, उजवा डावीकडे. दोषानं बाजू बदलली तर व्हॉल्व्ह खराब. अँप बंद केला, काचा निवू दिल्या, व्हॉल्व्ह बदलले, पुन्हा तापू दिले. मग दादाच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिलो.

"अजून डावीकडेच," तो म्हणाला.

मला बाई मधोमध ऐकू येत होती. बदलायच्या आधीही मधोमधच होती.

फोन तो हल्ली डाव्या कानाला लावायचा, तेही तेव्हाच आठवलं.

"तार ढिली असेल," मी म्हणालो. अँपकडे वाकलो आणि डाव्या-उजव्या आवाजाच्या बॅलन्सचं बटण गुपचूप उजवीकडे फिरवलं.

"आली बघ जागेवर. हात आहे बाबा तुला."

त्याचा उतरलेला चेहरा मला बघायचा नव्हता, इतकंच कारण. पुढे दर वेळी गेलो की बटण आणखी थोडं फिरवायचो. डॉक्टरचं नाव काढलं नाही.

परवा तो सहज म्हणाला, "उद्या स्कूटरवर वणीच्या देवीला जाऊन येतो. तुझी वहिनी मागे लागलीय."

उजवीकडून घासून जाणारे ट्रक डोळ्यांसमोर आले. स्कूटरवर मागे वहिनी बसलेली. गाणं चालूच होतं.

"दादा, डावा कान झाक."

"कशाला?"

"झाक तर."

त्यानं तळवा कानावर दाबला. जरा वेळानं विचारलं, "आवाज कमी केलास का?"

मी अँपपासून लांब उभा होतो. त्यानं ते पाहिलं. हात खाली आला.

"व्हॉल्व्ह चांगलेच आहेत," मी म्हणालो. "बटण मीच फिरवत होतो."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

तो उठला, खुंटीवरची स्कूटरची किल्ली काढून आत जाऊन वहिनीच्या हातात दिली आणि परत खुर्चीत येऊन बसला.

"बटण मधोमध कर," माझ्याकडे न बघता म्हणाला. "आता जसं आहे तसं ऐकू दे."