घरात राहतं कोण?

"तुमचं घर कुठं?" असं मावशीला कुणी विचारलं, की ती हसून म्हणायची, "ज्याचं दुखतं, त्याचं घर ते माझं." ऐकायला झकास वाटतं हो. पण खरी गोष्ट अशी की तिला घरच नव्हतं. नवरा लवकर गेला, भाड्याची खोली सुटली, लेक लग्न होऊन लांबच्या शहरात एवढ्याशा खोलीत सासू-सासऱ्यांसकट राहत होती. मावशीचा धंदा म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना सांभाळायचं. रात्रंदिवस त्यांच्याच घरी. एक म्हातारं माणूस गेलं की डोळे पुसायचे, पिशवी उचलायची आणि दुसऱ्या दारावरची घंटा वाजवायची. बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, ते हेच.

या धंद्याचे नियम कुणी शिकवत नाही. एकदा तोंडावर आपटलं की आपोआप येतात. कपाटात आपले कपडे लावायचे नाहीत. भिंतीवर आपला फोटो टांगायचा नाही. आणि जीभ घसरली तरी "आपलं घर" म्हणायचं नाही. तरुणपणी एकदा ती बोलून गेली होती, "बाई, आपल्या मोरीचा नळ गळतोय." बाईंनी असं काही वळून पाहिलं, की मावशीनं कानाला खडा लावला. तेव्हापासून तिची कापडी पिशवी कॉटखाली कायम भरलेली, बंद आवळून ठेवलेली.

निवडणूक आली की मावशीचं काम वाढायचं. म्हाताऱ्यांना मत द्यायची हौस दांडगी! ज्याला वाटीतलं सूप नीट पिता येत नाही तोसुद्धा त्या दिवशी इस्त्रीचा सदरा मागतो. मावशी त्यांना न्हाऊ-माखू घालायची, चाकाच्या खुर्चीत बसवायची, मतदान केंद्राच्या उतारावरून घाम गाळत वर ढकलायची. आत त्यांचं मत पडेपर्यंत ती भिंतीशी त्यांची शाल आणि औषधाची डबी धरून उभी. किती जणांना नेलं, त्याचा हिशेब नाही. स्वतः मात्र एकदाही दिलं नाही. मनात येत नसे असं नाही, येई, चांगलं खुपे. पण ज्याला घर नाही त्याला मत कुठलं, असं तिचं आपलं पक्कं गणित होतं.

आता ती ज्यांच्याकडे होती ते आजोबा एकटेच राहत. झटक्यानं उजवं अंग गेलेलं, बोलणं जेमतेम एकेका शब्दावर आलेलं. राग मात्र शाबूत! सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातली गत. चहा कोमट झाला की डाव्या हातानं काठी आपटायचे. मावशीही काही कमी नव्हती. "आपटा, आपटा. खालचे लोक वर आले की त्यांनाच चहा करायला सांगते," असं म्हणायची. दोघांचं दिवसभर हे असं चालायचं आणि त्यातच दोघांचा वेळ बरा जायचा.

आजोबांना व्यायाम द्यायला एक ताई यायची. एक दिवस त्यांचा पाय वर-खाली करता करता ती म्हणाली, "आजोबा, निवडणूक आलीय. पाय मोकळा करा, जायचंय ना?" मग सहज मावशीकडे वळली. "तुमचं नाव कुठल्या केंद्रात आहे?"

"आमचं कसलं नाव, ताई! घर ना दार."

ताईनं आजोबांचा पाय तसाच हवेत धरून ठेवला. "अहो मावशी, मत काय घराच्या भिंतींना असतं? माणसाला असतं! घर स्वतःचं असो, भाड्याचं असो, नाहीतर दुसऱ्याचं. तुम्ही रोज जिथं झोपता, उठता, तो तुमचा पत्ता. कामानिमित्त राहत असलात तरी."

"आणि मालकाची परवानगी?"

"मताला मालक नसतो."

आजोबांनी काठी आपटली. पाय अजून वर होता ना.

त्याच आठवड्यात अर्ज भरला गेला. ताईनं समजावून सांगितलं, मुदत संपायच्या आत नाव लागलं पाहिजे, मग कुणी काढू शकत नाही. आणि कुणाला मत दिलं ते आईबापालाही सांगायची गरज नाही. हे शेवटचं ऐकून मावशीला फार गंमत वाटली. आजोबा तर लगेच वर्तमानपत्रातल्या आपल्या लाडक्या उमेदवाराच्या फोटोवर बोट ठेवून तिच्याकडे बघायला लागले. म्हातारा लबाड! त्याला वाटलं, आपल्याला दोन मतं झाली. "तुमचं तुम्ही बघा," मावशी म्हणाली. तिची तेव्हापासून चालच बदलली. भाजी निवडतानासुद्धा ती उमेदवारांची भाषणं ऐकायची आणि मध्येच "खोटारडा मेला" असं पुटपुटायची.

आणि इथेच तिनं स्वतःच्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

झालं काय, एका दुपारी निवडणूक कचेरीचा माणूस चौकशीला आला. मावशी आजोबांचं अंग पुसत होती. ओला टॉवेल खांद्यावर टाकून तिनं दार उघडलं.

"या घरात कोण कोण राहतं?" त्यानं विचारलं.

"आजोबा."

"आणखी?"

"आणखी कुणी नाही हो. एकटेच असतात. मुलगा बाहेरगावी."

"आणि तुम्ही?"

"मी? मी कामाला आहे."

माणसानं लिहून घेतलं. उन्हातून आलाय बिचारा म्हणून मावशीनं त्याला थंड पाणी दिलं, जिना सांभाळून उतरा म्हणून सांगितलं आणि दार लावलं. इतक्या वर्षांची सवय! डोक्यात काही शिरायच्या आधी जीभ बोलून मोकळी झाली होती.

चार दिवसांनी कागद आला: अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नसल्याचे आढळल्याने अर्ज नामंजूर. ताईनं तो वाचला, सगळं विचारून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "मावशी! शत्रूनं करावं ते तुम्ही स्वतःच केलंत. स्वतःलाच घराबाहेर काढलंत!"

आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मावशीला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाठ थोपटता थोपटता तिचे डोळे भरून आले ते बघितल्यावर आजोबांचंही हसू विरलं.

"रडायचं नाही," ताई म्हणाली. "दाद मागता येते. सुनावणी असते. जायचं आणि सांगायचं."

पण ही बातमी फोनवरून आजोबांच्या मुलाला कळली आणि साहेब सुनावणीच्या आदल्या दिवशी हजर. एरवी वर्षातून एकदा तोंड दाखवणारा माणूस! तोंडावर गोड, आतून भलताच घाबरलेला. "मावशी, तुमच्याबद्दल तक्रार नाही हो. पण या पत्त्यावर तुमचं नाव लागलं की उद्या घरावर हक्क सांगाल. जग कसं आहे तुम्हाला माहितीय. बोट दिलं की लोक हात धरतात. मी उद्या हरकत घेणार आहे."

मावशीनं फडकं उचललं. स्वयंपाकघरात जाऊन गॅस पुसत बसली, पुसलेलाच पुन्हा पुसत. ज्या माणसाच्या बापाचं बेडपॅन ती रोज धुते, त्यानं तिला तोंडावर चोर ठरवलं होतं! गोड बोलून ठरवलं, एवढंच. आधी तिला वाटलं, जाऊ दे ते मत, नको ती कटकट. इतकी वर्षं नव्हतं तर काय अडलं? मग हळूहळू अंगाचा तिळपापड व्हायला लागला. आता माघार घेतली तर त्याचं म्हणणं खरं ठरेल. फडकं पिळून तिनं दोरीवर फेकलं आणि बाहेर येऊन म्हणाली, "दादा, घर तुमचं तुम्हाला लखलाभ. मत माझं आहे. मी जाणार."

आतून काठी आपटल्याचा आवाज आला. आजोबा बुटांकडे बोट दाखवत होते. त्यांनाही यायचं होतं.

कचेरीची खोली कागदांच्या गठ्ठ्यांनी भरलेली, खिडकीची एक काच फुटून तिथं पुठ्ठा लावलेला. टेबलामागे चष्मा नाकावर घसरलेल्या अधिकारी बाई. मुलगा आधी बोलला, अगदी मुद्देसूद. "बाई, या माझ्या वडिलांकडे नोकरीला आहेत. इथं राहत नाहीत, कामाला असतात. त्यांचं स्वतःचंच म्हणणं तुमच्या माणसानं लिहून घेतलंय. आणि राहत असत्या, तर सामान नको? यांची पिशवीसुद्धा सदा भरलेली असते. आज इथं, उद्या तिथं."

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं.

बाईंनी चष्मा वर सरकवला. "मावशी, तुम्ही राहता की कामाला आहात?"

मावशीनं पदराला हात पुसले. "बाई, कामाला आहे ते खरं. पण काम संपलं की घरी जाते म्हणतात ना, तसं मला कुठं जायचं असतं सांगा? माझं काम संपतं तिथंच मी आडवी होते. सकाळी उठते तीही तिथंच. आजारी पडले तरी तिथंच पडते. मग मी राहते कुठं? रस्त्यावर?"

"पण विचारलं तेव्हा 'आणखी कुणी नाही' म्हणालात."

"म्हणाले. आमच्या धंद्यात घरातली माणसं मोजताना स्वतःला धरायचं नसतं, लोकांना खुपतं. पिशवीचंही तेच. लोकांना बरं वाटावं म्हणून आम्ही निघायच्या तयारीत दिसतो. ती सवय आहे बाई, अंगात मुरलेली. पण माझी सवय म्हणजे काही कायदा नाही ना?"

बोलून झाल्यावर तिची तिलाच धडकी भरली. एवढं सलग ती जन्मात बोलली नव्हती.

बाई खुर्चीतल्या आजोबांकडे वळल्या. "आजोबा, तुमच्या घरात कोण राहतं?"

"बाबांना बोलता येत नाही नीट," मुलगा मध्ये पडला.

"त्यांना प्रयत्न तर करू द्या," बाई म्हणाल्या.

आजोबांचे ओठ हलले. आवाज फुटेना. मान लाल झाली. मावशी सवयीनं पुढं वाकली, पण त्यांनी तिला डोळ्यांनीच मागं सारलं. मग घसा खरवडून, अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असा एकच शब्द बाहेर पडला.

"दोघं!"

मुलाची मान खाली गेली. त्याला अगदीच लाज नव्हती असं नाही, बिचाऱ्याला लाज वाटली. बाईंनी शिक्का उचलला. "यादीत नाव लागलं म्हणून घराची एक वीटही कुणाची होत नाही, साहेब. निर्धास्त असा. नाव नोंदवून घेतलंय. पुढचे!"

परतताना मावशी खुर्ची ढकलत होती आणि खुर्चीतून काठी तालात फरशीवर वाजत होती. मुलानं जिन्यापाशी न सांगता बापाला उचलून घेतलं. त्याच दिवशी आजोबांनी काठीनं कपाटाचा खालचा कप्पा दाखवला आणि मावशीनं त्यात आपल्या चार साड्या ठेवल्या.

मतदानाच्या दिवशी तिनं आधी आजोबांना तयार केलं आणि मग त्यातलीच निळी नेसली. ताईही आली होती. केंद्रात आजोबांचं मत झालं, ताईनं त्यांची खुर्ची बाजूला घेतली, आणि टेबलावरच्या माणसानं यादीतून मावशीचं पूर्ण नाव मोठ्यानं वाचलं. कित्येक वर्षांत ते कुणी उच्चारलं नव्हतं. "हो, मीच," ती म्हणाली आणि पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली.

गेली ती बाहेरच येईना. मागची रांग चुळबुळायला लागली. आजोबांनी काठी आपटली. शेवटी टेबलावरच्या माणसानं हाक मारली, "मावशी, अहो झालं का? काही अडचण?"

"अडचण कसली!" आडोशामागून खणखणीत आवाज आला. "जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझं मत विचारतंय. जरा विचार करून सांगू द्या की!"

रांगेत हशा पिकला. मग अख्खी रांग मावशीसाठी गुपचूप उभी राहिली.