गोरा निघालेला ब्राऊन ब्रेड

"मैदा हाय ह्यो, दानिएल. निव्वळ मैदा. फसवलं तुमी आमाला."

कोंडीरामतात्या आमच्या बेकरीच्या केडगावच्या दुकानात काउंटरपाशी उभे राहून ओरडत होते. हातातली ब्रेडची स्लाइस त्यांनी उन्हात अशी धरली होती, जशी एखादा दुकानदार नोट खरी की खोटी ते बघतो. तात्यांचा आवाज काय सांगावा. पुणे रस्त्याने चाललेली एक एस.टी. थांबा नसताना थांबली आणि त्यातून दोन माणसं उतरलीसुद्धा. तुम्हाला खोटं वाटेल. त्या दोघांनाही वाटलं होतं.

मी दानिएल, त्या बेकरीचा प्रॉडक्शन सुपरवायझर. हुद्दा मोठा, काम पीठ मळायचं. मिसरूड फुटायच्या वयात मोठ्या शेठकडे लागलो तो केस पिकेपर्यंत तिथंच. अंगात यीस्ट इतकं मुरलंय, की चर्चमध्ये माझ्या शेजारी बसलेला माणूस उपदेश संपेपर्यंत थोडा फुगतो.

तात्या एमआयडीसीतून रिटायर झालेले. घर केडगावला, शेती बेलापूरला. शुगर निघाल्यावर डॉक्टरांनी पांढरा पाव बंद करून ब्राऊन ब्रेड सांगितला. तेव्हापासून तात्या ब्राऊन ब्रेडचे भक्त. सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा एक मोठा ग्रुप आहे, त्याचे ते पुढारी. तात्या जे खातील ते ग्रुप खाणार, आणि ग्रुप खाईल ते अर्धं केडगाव.

आता ब्राऊन ब्रेड म्हणजे काय ते सांगतो. बाजारातला बराचसा ब्राऊन ब्रेड म्हणजे मैद्यात थोडी कणीक आणि वरून कॅरॅमल कलर. कॅरॅमल कलर म्हणजे साखर तापवून, जाळून केलेला रंग. चोरी नाही त्यात, पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. आमचाही तसाच होता. म्हणजे रक्तातली साखर वाढली म्हणून पथ्य पाळणारे तात्या जो रंग बघून खूश होत होते, तो साखरेचाच होता. पण हे त्यांना सांगायची माझी छाती नव्हती.

मग मोठे शेठ गेले आणि धाकटे शेठ आले. रोहन. शिकलेला, सरळ पोरगा. म्हणाला, "काका, लोक आता हेल्दी मागतात. आपण खरा गव्हाचा ब्रेड करू. मैदा नाही, कलर नाही. गहू आपल्याच जिल्ह्यातला."

मला आनंद झाला. रिटायर व्हायच्या आधी एक काम मनासारखं करावं असं होतंच. पण निव्वळ कणकेचा ब्रेड फुगवणं म्हणजे म्हशीला पतंग बांधून उडवणं. कोंड्याचं वजन असतं, कणीक पाणी लई पिते, वर उठायचं नावच काढत नाही. पहिला ब्रेड असा झाला, की बेकरीच्या दाराला अडसर म्हणून लावला तर वादळात दार हललं नाही. पाणी वाढवलं, पीठ जास्त वेळ मुरवलं, मळायची पद्धत बदलली. शेवटी जमला. मऊ, हलका, तोडल्यावर गरम पोळीचा वास.

रंगही पोळीचाच. आणि तिथंच घात झाला.

"तात्या, घरची पोळी कुठल्या रंगाची असते?" मी विचारलं.

"पोळीचं काय काढतो मधीच? पोळी काय पथ्याला खात्यात व्हय? पथ्याचं कसं काळपट दिसलं पायजे. ह्यो बघ, नवरदेवावानी गोरा हाय."

"अहो, आधीचा रंगवलेला होता."

"मग ह्यो धुतलेला असंल."

तात्यांनी ग्रुपला सांगितलं, ग्रुपने दुकानदारांना सांगितलं, आणि ब्रेड परत यायला लागला. ट्रे भरून जायचे, ट्रे भरून यायचे. बेकरीच्या मागे आठ दिवसांत कुत्री अशी गुबगुबीत झाली, की त्यांनी भुंकणं सोडून घोरणं सुरू केलं.

रोहनशेठने मला केबिनमध्ये बोलावलं. डोळे लाल झालेले.

"काका, माझा जीव आहे या ब्रेडमध्ये. पण या रविवारपर्यंत माल उचलला गेला नाही, तर सोमवारी कलर टाका."

"शेठ, मग तो खोटाच ब्रेड झाला की."

"खरा कोण खातंय?"

बाहेर आलो आणि जुन्या भट्टीपाशी जाऊन बसलो. लाकडाची भट्टी ती. आता तिच्यात रिकामे खोके ठेवतात. पण विटांवर हात ठेवला की मला अजून ऊब लागते. रोहनशेठ म्हणतो, भिंतीपलीकडे फ्रीजचा कॉम्प्रेसर आहे. असेल.

काय दिवस होते. दिवाळी आणि नाताळच्या आधी या भट्टीसमोर बायकांची रांग लागायची. घरून डब्यात पीठ, तूप, पिठीसाखर घेऊन यायच्या आणि नानकटाई भाजून न्यायच्या. आम्ही फक्त मळायचं आणि भाजायचं. आणि त्या काय नुसत्या बसायच्या? स्टूल टाकून ट्रेवर असा पहारा, की कँटोन्मेंटच्या जवानांनी येऊन शिकावं. आपलं साजूक तूप दुसरीच्या ट्रेत जाईल ही धास्ती. म्हणून प्रत्येकीची खूण असायची. कुणी नानकटाईवर अंगठा दाबायची, कुणी लवंग टोचायची. एक बाई हातातली बांगडी उठवायची. खूण दिसली की माल आपला, मग करपला तरी तक्रार नाही. इलायचीचा वास स्टेशनपर्यंत जायचा. रेल्वेचा ड्रायव्हर म्हणे नगर आलं हे वासावरूनच ओळखायचा.

आठवता आठवता बांगडीशी मी अडकलो. बांगडीवाल्या त्या सुमनवहिनी. तात्यांची बायको.

तसाच उठलो आणि तात्यांच्या घरी गेलो.

"तात्या, आमच्या गव्हावर भरवसा नाही ना? तुमचा बेलापूरचा गहू आणा. दळण तुमच्यासमोर. मळणं तुमच्यासमोर. मैद्याचा कण दिसला तर मी चौकात उभा राहून तुमच्याच आवाजात स्वतःला शिव्या देईन."

तात्या विचारात पडले. आतून वहिनी आल्या. "भट्टीवर जायचं? डबा घासून ठेवते."

रविवारी तात्या आले. सोबत वहिनी, त्यांचा जुना पितळी डबा आणि फिरायचा अख्खा ग्रुप. गहू शेजारच्या गिरणीत दळला. गिरणीवाल्याने सांगितलं, की तात्यांनी जात्यात इतकं वाकून पाहिलं की त्यांच्या मिशीचंही दळण निघालं असतं. मिक्सर मी त्यांच्यासमोर धुतला. तात्यांनी तो परत धुवायला लावला. मग पाणी, मीठ, यीस्ट, थोडं तेल. तात्या स्टूल टाकून बसले. नजर हलली नाही. वहिनींनी मात्र सगळ्या बेकरीवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, "भट्टी थंड केलीत, भाऊ."

साच्यात पीठ फुगून काठाला आलं. ओव्हनमध्ये घालणार, तोच वहिनी उठल्या. हातातली बांगडी काढली, कोरड्या कणकेत बुडवली आणि एकेका ब्रेडवर अलगद टेकवली. वर पांढरं कडं उमटलं.

"आता कुनी बदलून दाखवा," म्हणाल्या.

रोहनशेठ केबिनच्या दारात उभा होता. हात खिशात, चेहरा बोर्डाचा रिझल्ट लागायचा असावा तसा.

ब्रेड बाहेर आला. कडं जागच्या जागी. निवू दिला आणि तात्यांच्याच हातात सुरी दिली. त्यांनी कापला. ग्रुप पुढे वाकला.

आतून गोरा. पोळीच्या रंगाचा.

वहिनींनी एक तुकडा मोडला, सावकाश चावला. "आपल्याच गव्हाचा हाय. बेलापूरची पोळी फुगल्यावानी लागतो," म्हणाल्या आणि दुसरा तुकडा घेतला. मग ग्रुप तुटून पडला. तात्यांच्या हातात फक्त सुरी उरली.

सोमवारी कलरचा कॅन उघडला नाही. ग्रुपने बंद केलेला ब्रेड परत लावला, त्यांच्या मागे दुकानदार आले. पुढच्या रविवारी तर दुसरंच झालं. चार बायका आपापले पिठाचे डबे घेऊन बेकरीच्या दारात उभ्या. एकीने येताना लवंगासुद्धा आणल्या होत्या. रोहनशेठने मला न विचारता भट्टीतले खोके बाहेर काढायला लावले. आता दर रविवारी घरच्या कणकेचा ब्रेड करून देतो. भट्टी पेटते. मी रिटायर झालो तरी रविवारी जातो. पगार नाही, वास आहे.

इतकी वर्षं पीठ मळून मला एवढंच कळलं, की ब्रेड आम्ही भाजतो, पण समजूत माणूस घरून भाजून आणतो. ती परत मळता येत नाही. तिच्या शेजारी आपला ट्रे ठेवायचा, एवढंच.

त्या पहिल्या रविवारी सगळे गेल्यावर तात्या रिकामा डबा पिशवीत घालत होते. मी जवळ गेलो.

"काय तात्या, आता तर पटलं ना?"

"पटलं की," तात्या म्हणाले. "आमच्या गव्हातच मैदा हाय. औंदा बियानं बदलतो."