जेवणाची जागा नसलेली सहल

मदिन्यातल्या त्या चार दिवसांची आठवण आजही तासागणिक सांगता येईल, इतकी ताजी आहे. नावे मात्र सांगणार नाही. त्यातली माणसे हयात आहेत आणि आपापल्या घरी सुखात आहेत, तेव्हा त्यांना उगाच चव्हाट्यावर आणण्यात अर्थ नाही.

मी तेव्हा कोकणातल्या एका ठाण्याचा पोलीस निरीक्षक होतो. हजच्या काळात यात्रेकरूंच्या मदतीसाठी सरकारी नोकरांना प्रतिनियुक्तीवर सौदीला पाठवतात. त्या वर्षी यादीत माझे नाव लागले. घरचे म्हणाले, नशीब काढलेत. मदिन्याच्या शाखा कार्यालयात मला तक्रारींचे टेबल मिळाले. अंगावर खाकी नाही, हातात काठी नाही, मागे कोठडी नाही. गळ्यात ओळखपत्र, अंगात जाकीट आणि पुढ्यात दोन रजिस्टरे. ठाण्यातला रुबाब विमानतळावरच उतरवून ठेवावा लागला. चप्पल हरवली, बॅग हरवली, नवरा हरवला, अशा नोंदी दिवसभर चालत. हरवलेले नवरे बहुधा चहाच्या दुकानात सापडत.

एके दिवशी सकाळी श्रीवर्धनकडच्या एक बाई टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. वय साठीच्या आसपास, चेहरा तापलेला. तक्रार होती त्यांच्याच खोलीतल्या दुसऱ्या यात्रेकरू बाईंविरुद्ध.

"साहेब, ती उद्या सहलीला चाललीय," त्या म्हणाल्या. "हजला येऊन सहल. तुमी तिला सांगा काय ते."

त्यांनी चार घड्या घातलेला कागद पुढे केला. शेजारणीची उशी नीट करताना तो हाती लागला, म्हणे. दुसऱ्याची उशी नीट करायला कोणी जात नसते, हे मला कळत होते. पण खबर देणाऱ्याला खबर कशी मिळाली हे आधी विचारू नये, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. कागदावर निळ्या शाईत मराठीत लिहिले होते : 'फजरच्या नमाजनंतर निघणे. आठ वाजता काळ्या दगडांचे पठार व ज्वालामुखी. अकरा ते तीन रोमन अवशेष. इशाच्या नमाजआधी परत.' खाली एक मोबाइल नंबर.

बाईंची हरकत धर्माची होती. मदिन्याच्या उत्तरेला, गाडीने चार तासांवर, डोंगर कोरून घरे करणाऱ्या जुन्या लोकांची ओसाड वस्ती आहे. त्यांच्यावर अल्लाहचा कोप झाला, तिथून जावे लागले तर रडत, मान खाली घालून पुढे निघावे, असे आमच्या घरांतून लहानपणीच कानावर पडते. कागदावरचे रोमन अवशेष तिथलेच. आणि ही तिथे चार तास काढणार! बाईंना पापाची काळजी होती. मला कायद्याची होती. हजच्या व्हिसावर आलेल्या माणसाला मक्का, मदिना आणि जेद्दा सोडून कुठेही जाता येत नाही. नाक्यावर पकडले तर यात्रेकरूचा हज धोक्यात येतो आणि नेणाऱ्याचा इकामा जातो, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, आणि त्याबरोबर नोकरी. त्यातून आदल्याच आठवड्यात एका गाडीवाल्याने दोन म्हाताऱ्या यात्रेकरूंना फिरवायला नेऊन हमरस्त्यावर सोडून दिले होते. हा तोच असणार, असे मी मनात धरून बसलो.

त्या नंबरावर फोन लावला आणि चौघांसाठी गाडी हवी आहे असे सांगितले. अर्ध्या तासात माणूस हजर. चाळिशीचा, रत्नागिरी जिल्ह्यातला, बारा वर्षे तिथे गाडी चालवणारा. मी कागद टेबलावर पसरला, तसा त्याचा चेहरा पडला.

परक्या देशात कोणाचीही चौकशी करण्याचा मला काडीचा अधिकार नव्हता. हे मला ठाऊक होते, त्याला नव्हते. मी त्याचा इकामा मागून घेतला आणि रजिस्टरखाली सरकवून ठेवला. बसायलाही सांगितले नाही. आज लिहिताना लाज वाटते, पण झाले ते असे झाले. मग ठाण्यातला आवाज काढून प्रश्न सुरू केले. किती यात्रेकरू नेलेस? तुझ्याबरोबर आणखी कोण आहे?

कोणी नाही, असे तो शपथेवर सांगत होता. जेद्दा आणि रियाधमधली बँकेतली, कॉम्प्युटरवाली मराठी कुटुंबे सुट्टीत फिरायला निघतात, त्यांना परवाने काढून तो हीच सहल घडवतो, असे त्याचे म्हणणे. मी उलटतपासणी घेतली. रोमन लोकांचा अरबस्तानात काय संबंध? तो न अडखळता म्हणाला, कोरलेल्या कबरी सगळेच बघतात, पण बाजूला रोमन शिपायांच्या छावणीची जोती आहेत, त्यांची अक्षरे कोरलेले दगड मिळालेत. वर म्हणाला, "दोन हजार वर्षांपूर्वी शिपाई एवढ्या लांब ड्यूटीला आले होते, साहेब. तुमच्यासारखे." ज्वालामुखीचेही त्याने सगळे सांगितले : राख कुठवर पसरली आहे, गाडी कुठे थांबवायची, उन्हाच्या आधी का पोचायचे. माणूस खोटे बोलत नव्हता. तरीही काहीतरी लपवत होता. अशी माणसे खोटे बोलणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ खातात.

कागद पुन्हा वाचला आणि काय खटकते आहे ते ध्यानात आले. मी नोकरीत पुष्कळ सहली पाहिल्या आहेत. पोलिसांची असो की बँकवाल्यांची, मराठी माणसाच्या सहलीत नाष्टा कुठे आणि जेवण कुठे हे आधी ठरते. किल्ला त्यानंतर. या कागदावर पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस होता आणि त्यात एक कप चहासुद्धा नव्हता.

"जेवायचं कुठे?" मी विचारले.

इतका वेळ घडाघडा बोलणारा माणूस अडखळू लागला. म्हणाला की त्या खाला, म्हणजे मावशी, जेवण स्वतः घेऊन येणार आहेत. किती जणांचे, म्हटल्यावर म्हणाला, ते त्यांनाच विचारा.

मी माझेच रजिस्टर उघडले. सहलीला निघालेल्या त्या बाईंच्या नावावर दोन दिवसांपूर्वीची नोंद सापडली : गुडघेदुखी, मशिदीपर्यंत जाण्यासाठी चाकाची खुर्ची दिली. शंभर पावले चालू न शकणारी बाई ज्वालामुखी बघायला निघाली होती. मी त्यांना बोलावून घेतले.

सत्तरीच्या, किरकोळ अंगाच्या. खुर्ची आत आली, तसे त्यांनी आधी भिंतीशी उभ्या असलेल्या ड्रायव्हरकडे पाहिले आणि मग माझ्याकडे.

"त्याला आधी बसायला सांग," त्या म्हणाल्या. मी सांगितले.

मग मी आवाज खाली आणून विचारले, "खाला, तिथं बघण्यासारखं काय आहे?"

"माझा पोरगा," त्या म्हणाल्या.

त्यानंतर विचारावे लागले नाही, त्याच सांगत गेल्या. मुलगा आठ वर्षांपूर्वी सौदीला गेला, एका मोबाइलच्या दुकानात लागला. पुढे हुकूम निघाला की मोबाइलच्या दुकानात फक्त सौदी माणूसच बसेल. त्या वर्षांत असे हुकूम एकामागून एक निघत होते. सौदींच्या मुलांनाही नोकऱ्या हव्या होत्या, त्यात चूक काही नाही. पण हुकूम निघाला की कोकणातल्या दहा घरांत चूल थंडावायची. मुलाचे काम गेले. त्याच्या कफिलाने, म्हणजे ज्याच्या नावावर तो तिथे होता त्या मालकाने, इकामा वाढवला नाही आणि उलट हा पळून गेला अशी नोंद करून टाकली. तिथे त्याला हुरूब म्हणतात. ती नोंद झालेल्या माणसाला ना काम मिळते, ना सरळ मार्गाने घरी जाता येते. तीन वर्षे तो त्या अवशेषांजवळच्या एका खजुराच्या मळ्यात स्वयंपाक करून लपून राहत होता. नाक्यांच्या भीतीने मदिन्याला येऊ शकत नव्हता. आई तिथवर येऊन पोचली, आणि मध्ये चार तासांचा रस्ता राहिला.

ड्रायव्हर शेजारच्या गावचा. कोणी विचारले तर दाखवायला तो एरवीच्या सहलीचा कागद लिहून त्यांना देऊन बसला, कारण खोलीत खरे सांगितले असते तर संध्याकाळी भोजनगृहात सगळ्यांना कळले असते. आपला इकामा जाईल हे त्याला माहीत होते. तरी तो नेणार होता. मी रजिस्टरखालून त्याचा इकामा काढला, दोन्ही हातांनी परत दिला आणि "चुकलं माझं" म्हणालो. "खलास, साहेब," एवढेच तो म्हणाला, म्हणजे झाले ते संपले.

आता मला माझे काम करणे भाग होते. मी खालांना सांगितले की जाता येणार नाही. नाक्यावर अडवले तर तुमचा हज, याची नोकरी आणि तुमचा मुलगा, तिन्ही जातील. त्या रडतील, पाय धरतील, अशी माझी तयारी होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"मग तुमी त्याला पकडा," त्या म्हणाल्या.

मला वाटले त्या रागाने बोलत आहेत. पण नाही.

"पकडल्यावर विमानात बसवून घरी पाठवतात ना? मग पकडा. मी तिथं जाऊन त्याला हेच सांगणार होते. फोनवर सांगितलं की तो फोन ठेवतो. समोर बसून जेवू घातलं असतं, तर उठून गेला नसता."

  मी उठून बाहेर गेलो, नळावर तोंड धुतले आणि परत आलो.

मग सगळे कागदोपत्री सुरू केले. शाखाप्रमुखांच्या कानावर घातले, जेद्द्याच्या भारतीय दूतावासाच्या कार्यालयातून पत्र मिळवले की हा भारतीय नागरिक स्वतः हजर होत आहे, त्याला मायदेशी पाठवण्यात यावे. पण हजर व्हायला तो तयार हवा. खालांच्या फोनवरून त्याला फोन लावला आणि आवाज मोठा केला. मी कोण ते सांगितले, पत्राचे सांगितले. काही दिवस कोठडीत राहावे लागेल आणि कामासाठी पुन्हा या देशात येणे जवळजवळ अशक्य होईल, हेही लपवले नाही. 

"रिकाम्या हातानं येऊ काय, साहेब?" तो म्हणाला. "गावात तोंड कसं दाखवू? थोडे दिवस जाऊ द्या, काहीतरी होईल."

खालांनी माझ्या हातातून फोन घेतला. "आठ वर्षं तू थोडे दिवसच सांगतोस," त्या म्हणाल्या. "मी गाव नाय रे, मी तुझी आई हाय. गावाकडे रिकामा जाऊ नको. माझ्याकडे रिकामा ये. माझ्यात आता वाट बघायची ताकद राहिली नाय."

 ड्रायव्हर डोळे पुसत होता आणि पुसत नसल्यासारखे दाखवत होता. शेवटी मुलाने विचारले, "कुठं हजर होऊ?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चालत तिथल्या पोलीस चौकीत गेला आणि मोबाइलवरचे पत्र पुढे केले. चौकीतल्या हवालदाराने खात्री करायला मला फोन केला. त्याचे हिंदी मोडके, माझे अरबी त्याहून मोडके. पण दोन्हीकडे पोलीस असल्यामुळे काम झाले. संध्याकाळी त्याला मदिन्याच्या परतपाठवणी केंद्रात आणले. ज्या नाक्यांना तो तीन वर्षे घाबरला होता, ते सगळे त्याने पोलिसांच्या गाडीत बसून पार केले.

खालांची बस मक्क्याला निघायला एक दिवस उरला होता. विनंती अर्जावर आम्हाला पंधरा मिनिटांची भेट मिळाली. दारावरच्या सौदी अंमलदाराने त्यांची पिशवी उघडायला लावली. तांदळाच्या कडक झालेल्या भाकऱ्या आणि भाजलेला सुका जवळा. त्याने वास घेतला, मान मागे नेली आणि घाईघाईने आत जाण्याची खूण केली. मुलगा जाळीपलीकडे उभा होता. मला वाटले दोघे कोसळतील. खालांनी त्याचा चेहरा डोळे भरून पाहिला, जाळीतून बोटे घालून गाल चाचपले आणि म्हणाल्या, "दाढी नीट ठेवत जा." मग त्याला तिथेच खायला लावले. तो रडत होता आणि खात होता. वेळ संपली तेव्हा त्याला न्यायला आलेल्या पहारेकऱ्याला त्यांनी चक्क मराठीत सांगितले की सांभाळून ने. त्याला शब्द कळले नसतील. पण त्याने मुलाच्या दंडावरचा हात काढून पाठीवर ठेवला, हे मी पाहिले.

हज आटोपून खाला मुंबईच्या विमानतळावर उतरल्या, तेव्हा त्यांना न्यायला मुलगा आला होता. तो आठ दिवस आधी पोचला होता. हे मला ड्रायव्हरने फोन करून कळवले. मी तेव्हा माझ्या ठाण्यात, टेबलावर साचलेल्या फायलींमागे होतो. 

चौतीस वर्षांच्या नोकरीत, माझ्या मुलाला सोडा म्हणणाऱ्या आया मी किती पाहिल्या याची गणती नाही. माझ्या मुलाला पकडा म्हणणारी आई एकच भेटली. मागणी उलटी असली तरी दोघींना हवे असते ते एकच, हे कळायला मला इतकी वर्षे लागली. मुलगा कुठे आहे हे ठाऊक असावे, तो जेवला हे ठाऊक असावे आणि त्याने घरी यावे. ठाण्याच्या पायरीवर बसलेल्या आईकडे मी पूर्वी हवालदाराला पाठवायचो : जा, तिला सांग साहेब कामात आहेत. हजहून परतल्यावर मी स्वतः बाहेर जाऊ लागलो. तिच्याशेजारी बसून, मुलगा आत आहे, धडधाकट आहे, अमुक वाजता जेवला, उद्या कोर्टात अमुक वेळी नेणार, एवढे सांगून मगच उठायचो. मुलगा चोर असला तरी, आणि आई शिव्या देत असली तरी. निवृत्त होईपर्यंत ते काम मी दुसऱ्या कोणावर सोपवले नाही.