काकांचा शंख आणि मावशीचा भंडारदरा

भंडारदऱ्याला यायचं मावशीने एकाच अटीवर कबूल केलं. काकांचा शंख सोबत घ्यायचा आणि तिथे तो तिने वाजवायचा. काका तरुणपणी मालवाहू जहाजावर कामाला होते. अंदमानच्या किनाऱ्यावर सापडलेला हा हातभर लांब, तपकिरी नक्षीचा शंख तेव्हापासून काचेच्या कपाटात होता. पुसायचा मावशीने, कौतुक ऐकायचं काकांनी. वर 'बायकांनी शंख फुंकू नये' हेही ठरलेलंच.

मी पारनेरहून गाडी काढली, नेवाशाजवळच्या गावातून दोघांना घेतलं आणि श्रीरामपूर, संगमनेर, अकोले असा रस्ता धरला. उसाच्या ट्रॉल्यांमागे रखडायची तयारी ठेवा. वाटभर काकांचं व्याख्यान चालू होतं.

"पोरी, ह्या शंखातली गोगलगाय साधी न्हाई. प्रवाळात ऱ्हाती, शिकार करती. ज्या काटेरी तारामाशाला कुनी तोंड लावत न्हाई, त्याला ही जित्ता खाती!"

"मग मी फुंकल्यानं तिचं काय झिजनार हाय?" मावशी म्हणाली.

(असा शंख हवासा वाटला तरी विकत घेऊ नका, आता कायद्याने बंदी आहे.)

खरी अडचण निराळीच होती. शंखाला फुंकायला भोकच नव्हतं. राजूरला पेढ्यांसाठी थांबलो, तर शेजारी एक फरशीवाला कटर चालवत होता. मावशी शंख घेऊन थेट त्याच्यापुढे उभी राहिली.

"टोक कापतो, पन फुटला तर?" त्याने विचारलं.

"फुटू दे. कपाटात तरी कुठं जित्ता हाय?"

काका गाडीत डोळे मिटून बसले. पण टोक तेवढं निघालं, शंख शाबूत राहिला.

भंडारदरा धरणाजवळच्या शेंडी गावात घरगुती मुक्काम केला. नाचणीची भाकरी आणि गावरान कोंबडीचा रस्सा अडीचशेच्या आसपास पडला. फक्त आधी फोन करून सांगावं लागतं. संध्याकाळी धरणाच्या काठावर गेलो.

"तुला जमायचं न्हाई, थांब," म्हणत आधी काकांनीच गाल फुगवले. नुसतं फुस्स! मग मावशीने पदर खोचला. जन्मभर चुलीपुढे फुंकणी फुंकलेली बाई ती. पहिल्यांदा घरघरलं. दुसऱ्यांदा असा आवाज निघाला, की पलीकडच्या डोंगरावर आपटून माघारी आला. मावशी हसता हसता रडायला लागली.

काका हळूच म्हणाले, "परत एकदा."

घरी येऊन आठवडा झाला. धरणाचे फोटो अजून मोबाईलमध्येच पडलेत, पण तो आवाज काही कानातून जात नाही. काल दुपारी काकांना फोन केला, तर ते उसात होते आणि भलत्याच घाईत.

"ठेव, ठेव! मावशीनं जेवायला बोलवायला शंख फुंकलाय. दुसऱ्यांदा फुंकला, तर समदं गाव इचारतं, अजून घरी का न्हाई गेला म्हून!"