घाटावरचा दुभाषी

पंचगंगेच्या घाटावरचे शेवाळ किती मृदू, किती शीतल, किती मखमली असते, हे तुम्हाला ठाऊक आहे का? मला ते परवाच्या रविवारी कळले. कारण मी त्यावर बसलो. स्वेच्छेने नव्हे. एका परदेशी दांपत्याला नदीचे माहात्म्य समजावून देत, एक हात पैलतीराकडे आणि दुसरा कोटाच्या खिशात, अशा ऐटीत मी उलट्या पावलांनी पायऱ्या उतरत होतो. पायात खास या प्रसंगासाठी घेतलेले करकरीत बूट. दुसऱ्याच क्षणी लोकरी कोटासह मी ओल्या काळ्या पाषाणावर आसनस्थ! साहेबाने धावत येऊन हात दिला, मडमेने रुमाल पुढे केला, आणि धुणे धुणाऱ्या बायकांतून एक खणखणीत आवाज आला, "अगं बया, सायब हुबा आन् मास्तर आडवा!"

हा पहिला आणि बिचारा निरुपद्रवी प्रमाद. सारी सकाळ एवढ्यावरच निभावली असती, तर आज मी हा प्रसंग हसत हसत सांगितला असता.

शाळेत मी इंग्रजी शिकवतो, एवढ्याच पुण्याईवर हेडमास्तरांनी हे पाहुणे माझ्या स्वाधीन केले होते. माणसे मोठी गोड. साहेबाच्या गळ्यात कॅमेरा, पण फोटो घेण्यापूर्वी तो प्रत्येकाकडे पाहून संकोचाने हसायचा. दोष त्याचा नव्हता. स्वराज्य येऊन इतकी वर्षे झाली, तरी माझ्या पाठीच्या कण्याला ती वार्ता अद्याप पोचलेली नव्हती, त्याला तो काय करणार? गोरा माणूस समोर आला की मी सगळे गाव झाडूनपुसून, जणू मुलगी दाखवायची आहे अशा थाटात त्याच्यापुढे मांडू लागतो. इकडे पाहा, तिकडे नको. देवळाचे कोरीवकाम पाहा, दाराशी बसलेला महारोगी नको. आपल्या माणसांपेक्षा आपले दगडच दाखवायला सोयीचे वाटावेत, ही केवढी विटंबना!

पण घाट काही झाडूनपुसून ठेवता येत नाही. हिवाळ्यातले कोवळे ऊन पाण्यातल्या देवळांच्या शिखरांवर नुकते उतरले होते, आणि खालच्या पायरीवर एका शेतकरी घरातल्या म्हातारीचा दहावा चालला होता. भाताचे पिंड मांडून माणसे मागे सरली होती. आता कावळ्याची प्रतीक्षा. कावळा शिवला, तर गेलेला जीव तृप्त झाला. न शिवला, तर त्याचे काहीतरी मागे राहिले. म्हातारीचा नवरा पटका काढून गुडघ्यावर घेऊन बसला होता. डोके भादरलेला थोरला मुलगा हात जोडून पिंडांशी बोलत होता, "आई, तुझी म्हस इकत न्हाय की गं. धाकट्याला अंतर देत न्हाय. शिव की आता." पिंपळावरून एक कावळा सरसावून खालच्या फांदीवर आला. त्याने मान तिरकी केली. साऱ्या माणसांचे श्वास जणू त्याच्या चोचीत अडकले होते.

नेमके तेव्हाच साहेबाने हळू आवाजात विचारले, ही मंडळी काय करीत आहेत?

मी वर्गात परदेशी कवितांतला बुलबुल असा रंगवून सांगतो की मागच्या बाकावरची मुलेही जागी होतात. त्या पक्ष्याच्या कंठातून अमर दुःख गाते, म्हणून सांगतो. आणि मला त्यात तिळमात्र संकोच वाटत नाही. मग आमच्या कावळ्यानेच असे काय पाप केले होते? त्याच्या काळ्या पंखांवर आई येते, बाप येतो, हे मला इंग्रजीत सांगता आले नसते का? शब्द होते. जीभ होती. पण साहेब हसला तर? मनात तरी हसला तर? आणि मी म्हणालो, हे लोक पक्ष्यांना खाऊ घालताहेत. आमच्याकडची एक सुंदर प्रथा आहे.

साहेबाचा चेहरा उजळला. मडमेने लगबगीने पिशवीतून बिस्किटांचा डबा काढला, आणि दोघांनी लहान मुलांच्या उत्साहाने बिस्किटे कुस्करून वरच्या पायऱ्यांवर उधळली.

खालच्या फांदीवरचा तो कावळा उडाला. पिंडांवरून, जोडलेल्या हातांवरून, म्हाताऱ्याच्या उघड्या मस्तकावरून झेपावत तो थेट बिस्किटांवर उतरला. त्याच्या मागोमाग सारा पिंपळ रिकामा झाला.

"ओ पावणं!" थोरला मुलगा ओरडला. "सांगा की त्या सायबाला! कावळं समदं तिकडं गेलं न्हवं!"

तरीही वेळ गेलेली नव्हती. एक वाक्य, आणि साहेबाने डबा मिटला असता. पण ते वाक्य उच्चारायचे म्हणजे आधीचे खोटे कबूल करायचे. मी मराठीत म्हणालो, "सांगितलं हो मी. ऐकत नाही तो."

"ऐकत न्हाय?" तो साहेबाकडे वळला. "आरं, राज्य गेलं तरी मस्ती जाईना व्हय तुजी? आमची आई हाय ती! तमाशा न्हाय!"

त्या साहेबाच्या देशाने आमच्यावर कधीही राज्य केले नव्हते, आणि मस्ती म्हणाल तर त्याच्या अंगी ती तोळाभरही नव्हती. हे सारे त्या घाटावर फक्त मला माहीत होते. काय म्हणताहेत ते, असे त्याने मला विचारले. मी सांगितले, तुमचे आभार मानताहेत.

तेव्हा साहेबाने टोपी काढली. शिव्या देणाऱ्या त्या माणसांसमोर त्याने हात जोडले, जरा वेडेवाकडे, पण कमरेत वाकून. शिवी अर्धवट राहिली. म्हाताऱ्याचे हात आपोआप वर आले आणि त्यानेही नमस्कार केला. आमच्याकडे जोडलेल्या हातांना रिकामे परतवीत नाहीत. आणि मी त्या दोन नमस्कारांच्या मधोमध बूट घालून उभा होतो!

बिस्किटे संपली, तसे तृप्त कावळे नदीपार निघून गेले. पुष्कळ वेळ थांबून अखेर भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडांना लावला. माणसे उठली. म्हातारा मात्र उठेना. "काय राह्यलं असंल रं तिचं?" तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "म्हशीचं सांगितलं, धाकट्याचं सांगितलं. मला तर काय बोलली न्हाय ती." कुणीतरी त्याच्या काखेत हात घातला, "चला आण्णा, पाचगाव गाठायचं हाय अजून." तो गेला, ते न सुटणारे कोडे बरोबर घेऊन गेला. त्याच पायरीवर दोन वर्षांपूर्वी माझ्या वडिलांचे पिंड मांडले होते. तेव्हा बहिणीला अंतर देणार नाही असे सांगून, कावळा शिवताच मी ढसाढसा रडलो होतो. ते अश्रू खरे होते. मग एका टोपीवाल्यापुढे ते इतके लाजिरवाणे कसे झाले? लाज वाटावी अशी गोष्ट घाटावर एकच होती, आणि तिला इंग्रजी येत होते.

घरी येऊन मी बायकोला पहिल्यापासून सगळे सांगितले. घसरण्याचा भाग मी साभिनय केला, तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली. मग मी पुढचे सांगू लागलो, तशी ती हसायची थांबली. कोटाच्या पाठीवर शेवाळाचा हिरवा डाग पडला होता, तो ती ओल्या फडक्याने खाली मान घालून घासत राहिली. मीच म्हणालो, डाग जाईलसे दिसत नाही.

"अहो, पाचगाव काही लांब नाही," ती म्हणाली. "तो म्हातारा तेच घोकत पडला असेल. उद्या जा, आणि त्याला सांगा, तुमच्या माणसाचं काही राहिलं नव्हतं, कावळा माझ्यामुळं उडाला." तिने कोट झटकून दोरीवर टाकला. "आणि ते बूट नकोत. तुमच्या जुन्या वहाणा काढून ठेवते."